शेपटीवर बसलेलं विमान

दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घडवणाऱ्या, घासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर तरी हात स्वस्थ ठेवावेसे वाटतील, असा कुणाचाही समज होईल. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांच्या बायकोचाही लग्नात झाला होता. आता अठ्ठावीस वर्षं ती जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर पानं मांडते. उरलेल्या अर्ध्यावर प्लॅस्टिकच्या जहाजाची डोलकाठी सुकत असते, नाहीतर एखाद्या विमानाचा पंख. सासरेबुवा त्यांना जावईबापू म्हणत. वय चोपन्न झालं तरी नाव तेच, म्हणून आपणही तेच म्हणू.

जावईबापूंचा हात खरंच चांगला होता आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. रविवारी अशी मॉडेल्स करणारी पाचसात मंडळी एकत्र जमत, तिथे हे नाकाने कांदे सोलत. कुणाच्या विमानाची चाकं फेंगडी, कुणाच्या काचेवर गोंदाचे डाग. मॉडेल फळीला चिकटवून उभं करणारा तर त्यांच्या लेखी लबाडच. नवशिक्याला पहिला धडा ठरलेला: "तीन चाकांच्या विमानाच्या नाकात आधी शिशाच्या गोळ्या भरायच्या, मगच धड बंद करायचं. नाहीतर ते शेपटीवर बसतं."

एका माणसापुढे मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. सासरेबुवा चाळीस वर्षं विमानतळावर मालविमानांचे मेकॅनिक होते. सहा वर्षांपूर्वी जावईबापूंनी स्वतःच्या हातानं त्यांची कवळी केली. म्हाताऱ्यानं ती दोन दिवस घातली, पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि म्हणाला, "बरोबर नाही." काय बरोबर नाही, ते आजतागायत सांगितलं नाही. कवळीतला दोष घासायच्या कानशीशिवाय सुधारता येतो, डोळ्यांशिवायही येईल. पण कुठे दुखतं ते घालणाऱ्यानं सांगितल्याशिवाय नाही. तो पेला जावईबापूंच्या मनात सहा वर्षं सलत होता.

म्हणून ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांनी सासऱ्यांचंच मालविमान करायला घेतलं. चार महिने खपले. चालकाच्या खोलीतल्या घड्याळांचे काटेसुद्धा एका केसाच्या कुंचल्यानं रंगवले. धड बंद झाल्यावर ते देवालाही दिसणार नव्हते, पण जावईबापू त्या काट्यांवर इतके खूश झाले, की त्याच आनंदात त्यांनी धडाचे दोन्ही भाग जोडून टाकले. मग पुट्टी, पॉलिशपेपर, रंगाचे तीन हात, पाण्यात भिजवून लावायची बारीक अक्षरं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी विमान पहिल्यांदा चाकांवर ठेवलं. त्यानं नाक वर केलं आणि शेपटी टेकून आरामात बसलं.

"अहो, हे बसलं की!" बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

"तुमच्या त्या शिशाच्या गोळ्या?"

गोळ्या खणात होत्या, डबीचं सीलही न फोडलेलं. सगळं मुसळ केरात!

नुसतं हसं झालं असतं तरी चाललं असतं. पण घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मालविमानात मागून सामान चढवताना शेपटीखाली लोखंडी टेकू लावावा लागतो. एकदा तो टेकूच मोडका निघाला, भरलेलं विमान सर्वांदेखत शेपटीवर बसलं आणि सासरेबुवांची बढती कायमची गेली.

"बाबांना वाटेल, तुम्ही मुद्दाम टोमणा मारलाय," बायको म्हणाली. "फळीला चिकटवा ना."

"ते मी करणार नाही."

"मग नका नेऊ."

"तूच फोनवर सांगून बसलीस ना? रोज विचारतायत ते, झालं का म्हणून."

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी विमान सासऱ्यांपुढे टेबलावर ठेवलं आणि नाकावर एक बोट टेकवून उभे राहिले. चिकटवणं म्हणजे फसवणूक, बोटानं धरणं म्हणजे नव्हे, असा निकाल त्यांनी वाटेतच लावला होता. म्हाताऱ्यानं चष्मा लावला. मागचं दार पाहिलं, चाकं पाहिली, पंखाखालचा क्रमांक ओठ हलवत वाचला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जावईबापूंच्या बोटाला मुंग्या आल्या.

"बसा की," सासरे म्हणाले.

"उभाच बरा आहे."

"बोट काढा. नाक दिसत नाहीये."

जावईबापूंची पाचावर धारण बसली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी बोट काढलं. विमान बसलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला आणि ते पाहून जावईबापूंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'तुमच्या विमानासारखंच खरंखुरं केलंय, टेकू लावायचा राहिलाय' अशी एक सोयीची थाप जिभेवर आलीही होती.

"बाबा, विसरलो मी," ते म्हणाले. "नाकात वजन घालायचं असतं. जगाला शिकवतो आणि स्वतःच विसरलो. टोमणा नाही हो हा, शपथ."

सासरेबुवांनी काडेपेटीतली एक काडी काढली, शेपटीशी धरून मापली, मोडली. तिसऱ्या खेपेस ती नेमक्या जागी उभी केली. विमान तीन चाकांवर आलं.

"टेकू मोडका नव्हता," ते म्हणाले. "शेजारीच पडला होता, धडधाकट. मी लावायला विसरलो."

लेक खिडकीपासून वळली. "बाबा, पण तुम्ही तर आईलासुद्धा..."

"आईलासुद्धा मोडकाच सांगितला. बत्तीस वर्षं सांगतोय." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "हा बघ, एका दमात कबूल करून मोकळा झाला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाला एकेरी म्हटलं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण लगेच लेकीवर खेकसले, "बघतेस काय? तो पेला आण."

तिनं आतून पेला आणला. म्हाताऱ्यानं कवळी झटकली, तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवला आणि जावयापुढे आ वासून उजव्या गालात बोट घातलं.

"इथे," ते म्हणाले. "मागच्या दाढेखाली. इथे टोचतंय."