लॅबमधून बाहेर कोण येत होतं?

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका शाळेत कावेरीअक्का एकवीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवत होत्या. मुलांनी दोन वाक्यं जोडून आणली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात हे केलं कुणी?"

एका गुरुवारी मधल्या सुट्टीत शिपाई नागोजी कागद घेऊन आला. लॅबमधला नवा मायक्रोस्कोप नाहीसा झाला होता.

"अक्का, स्वल्प, जरासं वाचून सांगा. ऑफिसात सही कर म्हणतात."

इंग्रजीत एकच वाक्य होतं: 'हयवदन सॉ नागोजी कमिंग आउट ऑफ द लॅब विथ अ बॉक्स.'

"तू खोकं घेऊन लॅबमधून बाहेर येत होतास आणि हयवदननं ते पाहिलं, असं लिहिलंय."

"मी? मी व्हरांडा झाडत होतो!"

अक्कांनी पुन्हा वाचलं. लॅब असिस्टंट हयवदन इतकं सफाईदार वाक्य लिहिणाऱ्यातला नव्हता. त्या तडक ऑफिसात गेल्या आणि क्लार्क शेषगिरीकडे मूळ जबाब मागितला.

"त्यात काय बघायचं, मॅडम? दोन वाक्यं होती, मी एक केलं." त्यानं नाइलाजानं ड्रॉवर उघडला.

हयवदनच्या अक्षरात होतं: 'आय वॉज कमिंग आउट ऑफ द लॅब विथ अ बॉक्स. आय सॉ नागोजी.' म्हणजे बाहेर येणारा हयवदनच. खोकंही त्याच्याच हातात. वाक्यं जोडताना ते नागोजीच्या गळ्यात पडलं होतं. चुकून? अक्कांनी शेषगिरीकडे पाहिलं. तो स्क्रीनवरून नजर काढेना.

दोन्ही कागद घेऊन त्या हेडमिस्ट्रेसकडे गेल्या. हयवदनला बोलावणं गेलं.

"खोकं तुझ्या हातात होतं?" अक्कांनी विचारलं.

"हो. पण रिकामं होतं."

"रिकामं? जबाबात तो शब्द नाही."

"राहिला असेल."

"ते खोकं आता कुठाय?"

तो खिशातल्या लॅबच्या किल्ल्या चाचपू लागला.

हेडमिस्ट्रेसनी नागोजीच्या सहीसाठीचा कागद फाडला. सोमवारी मायक्रोस्कोप लॅबच्या कपाटात सापडला, दोनदा झडती घेतलेल्या कपाटात. महिनाअखेरीस हयवदन नोकरी सोडून गेला. कारण कुणी विचारलं नाही.

"शेषगिरीअण्णांनी मुद्दाम केलं का, अक्का?" नागोजीनं एकदा विचारलं.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. शेषगिरी आणि हयवदन रोज एकत्र डबा खायचे, हे त्यांनी कितीतरी वर्षं पाहिलं होतं.