नऊ मिनिटांचं मशीन

समजा, तुम्ही पाटोद्यात एका किराणा दुकानाच्या कोपऱ्यात बसून कुणाचा तरी अर्ज भरताय. नाव झालं, गाव झालं, आधारचे शेवटचे चार आकडे राहिलेत आणि कॉम्प्युटर पटकन बंद. लाईट आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, समोरची म्हातारी अंगठा पुढे करून बसलीय. काय कराल?

शिवांजलीने आधी वायर हलवून पाहिली. तुम्हीही तेच केलं असतं.

बीडच्या एका ऑफिसने मोडीत काढलेलं ते मशीन. पॉलिटेक्निक संपवून घरी आल्यावर तिने ते आणलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि वडिलांच्या, म्हणजे गुरुपादआप्पांच्या दुकानात एक कोपरा मागून घेतला. चौदा महिने कोपरा चालला. दाखले, निराधारचे अर्ज, लग्नाचे बायोडाटे. आणि आता दर नऊ मिनिटांनी अंधार.

समोरच्या म्हातारीचा, रहेमतबीचा, अर्ज दोनदा अर्ध्यातून गेला. तरी ती रागावली नाही. "पोरी, तुझं मशीन माझ्यावानीच हाय. चार पायऱ्या चढलं की बसतंय."

चुलतभाऊ श्रीशैल म्हणाला, "फुकटचं लिनक्स ते. फुकटात असंच मिळायचं."

आप्पा बोलले ते जास्त लागलं. "सोमवारी सरकी पेंडीची पोती येणारेत. तवर चालू झालं तर ठीक. न्हाई तर कोपरा मोकळा कर, माय."

तो गुरुवार होता.

मराठीतून लिनक्सची चर्चा करणारा एक ग्रुप ती कॉलेजपासून मोबाइलवर वाचत होती. विचारलं मात्र कधीच नव्हतं. आपलं अज्ञान चारचौघांत कशाला दाखवायचं? त्या दिवशी तिने लिहिलं, 'कॉम्प्युटर बंद पडतो, मदत करा.'

सोमनाथ नावाच्या माणसाचं उत्तर आलं, 'आमचाही पडतो. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणता का? कुठं, कधीपासून, काय खाल्लं होतं?'

ती हसली आणि तिने सगळं नीट लिहून काढलं. कुणी म्हणालं, नव्या अपडेटचा दोष असेल, जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या आधीच्या गाभ्यावर, सुरू करा. केलं, नऊ मिनिटं. कुणी म्हणालं, रॅम काढून, पुसून परत बसवा. बसवली, नऊ मिनिटं. शुक्रवारी परभणीच्या नाजिया मॅडमनी एकच प्रश्न विचारला, 'बंद पडताना तापमान किती असतं?' आणि ते बघायची कमांड पाठवली. आकडे चढत गेले. ब्याण्णव, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव, बंद.

'झाकण उघडा. आतला फोटो टाका.'

आत प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, पत्र्यांच्या फटींत पांढुरका थर घट्ट बसला होता. 'इतकी पांढरी धूळ? शेजारी पिठाची गिरणी आहे का?' मॅडमनी विचारलं.

शिवांजलीने मशीनच्या पुढच्या जाळीकडे पाहिलं. जाळीवर तीन पांढरी बोटं होती. रोज दुकान उघडलं की आप्पा तराजूला भस्म लावतात, गल्ल्याला लावतात आणि शेवटी कॉम्प्युटरला. पहिल्या दिवशी ती हसली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "पोटापाण्याचं हत्यार हाय ते." चौदा महिने एकही दिवस चुकला नव्हता. आणि जाळीमागचा पंखा ते सगळं इमानेइतबारे आत ओढत होता.

तिने ग्रुपवर खरं ते सांगितलं.

'मशीनला प्रसाद जास्त झाला,' सोमनाथ.

'आधी नमस्कार करा, मग हवा मारा,' नाजिया मॅडम. 'पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.'

पंक्चरवाला तन्वीर हवेचा पाइप ओढत म्हणाला, "ताई, हे ट्यूबवालं हाय का ट्यूबलेस?" पांढरा ढग उठला. तन्वीरच्या मिशा पिकल्या.

शनिवारी तापमान बावन्न. नऊ मिनिटं झाली, दहा झाली, तास झाला. रहेमतबीचा अर्ज गेला, पावती निघाली. तिने पावती डोळ्यांना लावली आणि पिशवीत ठेवली.

आप्पांना कारण सांगताना शिवांजलीचा आवाज बारीक झाला. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आता कुठं लावू?"

तिने टेबलाची कड दाखवली.

सोमवारी पोती आली. आप्पांनी ती तेलाच्या डब्यांमागे रचायला लावली.

शिवांजलीने ग्रुपवर एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. ज्यांचा उपाय लागू पडला नाही, त्यांचेही. त्यांच्यामुळेच तर काय नाही ते कळत गेलं होतं. शेवटी तिने आणखी एक प्रश्न लिहिला. मशीनच्या जुन्या नोंदी चाळताना तिला दिसलं होतं की उन्हाळ्यापासून ते रोज, शेकडो वेळा, 'तापलोय' असं आतल्या आत लिहून ठेवत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही:

'इतके दिवस याला कळत होतं, तर समोर बसलेल्या माणसाला पडद्यावर एक ओळ तरी का दाखवली नाही?'