मिराबाईचा तहसीलदार

पुसेगावच्या पलीकडच्या तांड्यावर मिराबाई राहायची. तिचा नवरा फुलसिंग जनावरांना भ्यायचा, म्हणून शेत तो बघायचा आणि तीन खेचरं ती हाकायची. हळदीची पोती घेऊन पार वसमतपर्यंत जायची.

त्यातलं थोरलं खेचर वाटेतल्या प्रत्येक गावात अडायचं. काही खायला घातल्याशिवाय हलायचं नाही, वर लाथा झाडायचं. मिराबाईनं त्याचं नाव तहसीलदार ठेवलं. नावाला शिवी जोडली की ते निघायचं. नुसत्या नावाला कानही हलवायचं नाही.

एक्केचाळीस सालच्या हिवाळ्यात निजामाच्या तहसील कचेरीतले कारकून बंडोपंत तांड्यावर आले. नवे तहसीलदार डोंगरातल्या गावांच्या दौऱ्यावर निघाले होते. तिकडं गाडीवाट नव्हती, तंबू आणि गाद्या न्यायला खेचरं पाहिजे होती. मिराबाईनं होकार दिला.

पंत गेल्यावर फुलसिंग म्हणाला, "त्याचं नाव बदल! दोघं बी तुरुंगात जाऊ."

"बदललं तर ते ऐकंल व्हय? तू काहून घाबरून राहिला? मी तोंडच उघडत न्हाई."

आणि खरंच, दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही. तहसीलदारसाहेब पांढऱ्या घोडीवर पुढं, आणि घोडीवर जीव जडलेलं खेचर निमूट मागं.

संध्याकाळी कयाधूच्या काठी मुक्काम पडला. घोडी झाडाला बांधली, तंबूच्या मेखा ठोकणं सुरू झालं, तेवढ्यात खेचर साहेबांच्या गाद्यांसकट नदीत शिरलं. मधोमध उभं राहिलं आणि बसायच्या बेतानं पुढचे गुडघे वाकवू लागलं.

"अरे, बुलाओ उसे!" साहेब काठावर धावले. "बाई, हाक मार!"

मिराबाईनं एकदा गाद्यांकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं. मग डोळे मिटून ओरडली, "ए तहसीलदारा! मुडद्या, भाईर नीघ!"

"जी?" साहेब दचकले.

एवढ्याशा शिवीवर खेचर दोनच पावलं काठाकडं आलं आणि थांबलं. शिपाई जमिनीकडं बघू लागले. बंडोपंतांना खोकल्याची उबळ आली.

"इसका नाम तहसीलदार? काहून?"

"हुजूर, सगळ्यात जास्त वजन हेच उचलतं," मिराबाई म्हणाली. "हे चाललं तरच बाकीची चालतात."

साहेबांना ते पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि रुबाबात हुकूम सोडला, "तहसीलदार! इधर आओ!"

खेचर ढिम्म.

"शिवी द्यावी लागते, हुजूर."

साहेबांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. मग नदीकडं तोंड करून त्यांनी तहसीलदाराचा जो उद्धार केला, त्यातली निम्मी उर्दू बंडोपंतांनाही नवी होती. खेचर खुशीत फुरफुरत बाहेर आलं. साहेब आधी गोरेमोरे झाले, मग काठावरच बसून पोट धरधरून हसले.

त्यांनी नाव बदलायला लावलं नाही. एकच अट घातली, गावात शिरताना हाक मारायची नाही. त्यामुळं साहेबांची घोडी पुढं चावडीकडं गेली, की प्रत्येक वेशीत खेचर अडायचं आणि गाद्यांवाचून साहेब चावडीच्या फरशीवर बसायचे.

पुढं दर हिवाळ्याला ते मिराबाईलाच बोलवायचे. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, साहेब हैदराबादला निघाले. जाण्याआधी तांड्यावर आले आणि त्यांनी खेचराला आपल्या हातानं गूळ चारला. खेचरानं गूळ खाल्ला, वर शेरवानीचं एक बटणही.