करुणाचे पुठ्ठे

करुणा गेल्याचं मला तिच्या घरून नाही, ऑफिसच्या ग्रुपवरून कळलं. लोअर परळच्या आमच्या छोट्या स्टार्टअपचा संस्थापक विक्रांत याने तिचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'आमच्या कुटुंबातली एक गेली.' पाठोपाठ मला वेगळा मेसेज : 'तू ओळखायचास ना तिला? कंपनीच्या पेजसाठी छान चार ओळी दे.' त्या ओळी मी दिल्या नाहीत. पाच आठवडे झाले, राग उतरत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

करुणा माझी दादरच्या वाचनालयातली मैत्रीण. मी गिरगावातला, पुस्तकात मान घालून बसणारा. ती वरळीच्या बीडीडी चाळीतली, वडील लालबागला दुकानांचे बोर्ड रंगवायचे. मला ती 'मास्तर' म्हणायची. कॉलेज अर्धवट सोडून, मिळेल ते काम करत ती मोबाइल ॲपची डिझायनर झाली होती. हिंदमाताच्या दुकानांतून साड्यांचे रिकामे खोके आणायची, मोबाइलच्या मापाचे पुठ्ठे कापायची, त्यांवर पेनने ॲपचा स्क्रीन काढायची आणि दवाखान्याबाहेर ताटकळलेल्या माणसांच्या हातात द्यायची. त्यांच्या अंगठ्याला स्टॅम्पपॅडची शाई. "काका, नंबर लावायचाय. कुठे दाबाल?" अंगठा उमटेल तिथे बटण! तिची आजी चिडायची. "आम्ही म्हातारपणी सही शिकलो, आणि ही बया लोकांचे अंगठे घेत फिरते!"

आमच्या स्टार्टअपचं ॲपही त्याच कामाचं : घरबसल्या दवाखान्यात नंबर लावायची सोय. मी त्यातला मराठी मजकूर लिहितो. लीड डिझायनर हवा होता, तेव्हा मी करुणाचं नाव सुचवलं. तिला ही नोकरी मनापासून हवी होती. स्वतःच्या नावावर एक तरी काम असावं, म्हणायची. आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, "ते पुठ्ठे नको आणूस. लॅपटॉपवर नीट प्रेझेंटेशन कर."

"का रे मास्तर, लाज वाटते?"

"तसं नाही गं..."

तसंच होतं.

विक्रांतने पहिला प्रश्न विचारला तो कॉलेजचा. दुसरा, टीम सांभाळली आहे का. घाईने केलेल्या स्लाइड्समध्ये ती अडखळत राहिली. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडत होतो. ती गेल्यावर विक्रांत म्हणाला, "टॅलेंट आहे, पण पॉलिश नाही. क्लायंटसमोर कशी बसवणार?" मी त्याच खोलीत होतो आणि गप्प होतो.

दोन दिवसांनी, शरमेपोटी, मी तिच्याकडे पुठ्ठे मागितले. "ने. पण परत आण," एवढंच म्हणाली. ते पाहून विक्रांत खुर्चीतून उठलाच. "एका हातात फाइल असते, म्हणून सगळं एका अंगठ्यावर! भारी आहे रे." त्याने एकेका पुठ्ठ्याचा फोटो काढला. मला वाटलं, आता तिला बोलावणार... महिन्याभरात लीड डिझायनर म्हणून दुसराच आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हाती ते फोटो पडले. ॲप बाहेर आलं तेव्हा करुणाने ते माझ्यासमोर उघडलं. "बटण बरोबर जागी आहे," म्हणाली. त्यानंतर तिने मला एकही पुठ्ठा दाखवला नाही. मीही तिचा पुठ्ठ्यांचा खोका परत केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होतो? वर्षभरात मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. एवढ्या लवकर.

तिच्या घरी, मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, मी तो खोका घेऊन गेलो. आजीने माझा मोबाइल मागितला, ॲप उघडायला लावलं, चष्मा लावून वरून खाली पाहिलं.

"हे तिनं केलंय?"

"हो, आजी."

"मग तिची सही कुठंय?"

आजीने खोक्यातून एक पुठ्ठा शोधून माझ्या हातात दिला. "हा ठेवा तुमच्याकडं. मलापण अंगठा लाव म्हणत होती. मी नाही लावला."

दुसऱ्या दिवशी विक्रांतला लिहिलं : चार ओळी मिळणार नाहीत, ॲपमध्ये एक ओळ टाक, तिच्या नावाची. उत्तर अजून आलेलं नाही. तो पुठ्ठा मी ऑफिसच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उभा केला आहे. करुणाने आखलेल्या बटणाच्या चौकटीत अंगठ्याचा ठसा नाही. तिथे आजीने पेन धरून आपलं पूर्ण नाव लिहिलं आहे. अक्षरं चौकटीत मावलेली नाहीत.