सरुबाईनं चूर्णवाल्याला बोलतं केलं

सिन्नरच्या आठवडी बाजारात माझं लसणाचं दुकान. शेजारी भिकन चूर्णवाला जीपवर भोंगा लावून बसायचा. "पोट साफ, रोग माफ! नुसता झाडपाला!" ऐकून ऐकून माझे कान किटले व्हते. त्या भोंग्याचं तोंड बंद केलं आमच्या आळीतल्या सरुबाईनं.

तिचा नवरा पुंजाराम एमआयडीसीत पोती उचलायचा. पोट साफ व्हत नाय म्हणून त्यानं भिकनचा डबा आणला. एका चमच्यानं सकाळी मोकळं झालं, गडी खूश. वर्षानं एकानं भागेना, मग दोन, मग तीन. सरुबाई म्हणायची, "अवो, रोज कशाला घेता?" तर म्हणे, "झाडपाल्यानं काय व्हतंय? गोळी थोडीच हाय?" आमच्याकडं सगळ्यांचं हेच. गोळीला भितील, पाल्याला नाय.

एक दिवस कामावरच पाय लुळे पडले. नाशिकला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डबा बघितला आन् कपाळाला हात लावला. "ही सोनामुखी आहे. चार-आठ दिवस घ्यायची वस्तू. तीन वर्षं रोज जुलाब झाले, अंगातलं पोटॅशियम उतरलं, काळजाचे ठोके चुकतायत." जीव वाचला, पण काम सुटलं. पोतं उचलणारा माणूस आता कळशी उचलताना दम खातो.

सरुबाई भिकनकडं गेली. "रोज घेऊ नका, असं का नाय सांगितलं?" मेला दात काढून म्हणाला, "तुझा नवराच अधाशी, बाई! मी काय चमचा घेऊन मागं लागलो व्हतो?" लोकं हसली. मीपण हसले, खोटं कशाला बोलू.

तिथून पेटली बाई. पुढच्या बाजाराला गोणीभर रिकामे डबे घेऊन आली, बाजारपट्टीची पावती फाडली आन् बरोब्बर त्याच्यासमोर डब्यांचा ढीग लावून बसली. पावती फाडलेल्याला कुणी उठवत नाय, हा आमच्या बाजाराचा रिवाज. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "घ्या की, घ्या! माझ्या मालकानं एवढे खाल्ले. चला घरी, दाखवते त्याचे पाय." गिऱ्हाईक तिथूनच माघारी. भिकननं शिव्या दिल्या, ती हलली नाय. मला तर लय बरं वाटत व्हतं!

चौथ्या बाजाराला तो हात जोडून आला. "काय पायजे तुला, माय?"

"माझ्यासमोर तीन चमचे खा."

भिकन खाली बसला. हळूच म्हणाला, "रोजच खातो. नऊ वर्षं झाली. नाय खाल्लं तर चार-चार दिवस व्हत नाय. सोडायला गेलो, सुटत नाय."

सरुबाई उठली, जीपमधला माईक काढला आन् त्याच्या तोंडापुढं धरला. "हेच बोल. मोठ्यानं."

बोलला. रडत बोलला. आधी कधी डबा नेलेली दोन माणसं डबे परत घेऊन आली.

माझं मन कच्चं. म्हणलं, "सरू, जाऊ दे आता. त्याचीबी आपल्या पुंजारामसारखीच गत झालीय गं."

तशी माझ्यावरच उसळली. "सारखी? माझ्या मालकाला ठाऊक नव्हतं. ह्या मुडद्याला, आम्हाला पहिला डबा विकला तवापासून ठाऊक व्हतं."