सत्काराचा तिसरा फोटो

आमच्या नौपाड्यातल्या कॉलेजात प्राध्यापकांच्या संशोधनाचा आणि साहित्य-कलेतल्या कर्तृत्वाचा दरवर्षी सत्कार होतो. खरं तर तो फोटोसाठीच असतो. मूल्यांकन समितीच्या फाइलला असा फोटो लागतो, ज्याच्या कोपऱ्यात जागेचं नाव आपोआप छापलेलं असेल. जागा चुकली, तर सत्कार झालाच नाही असं धरतात.

या वर्षी यादीत मीही होते. खाडीकाठच्या मिठागरातल्या गवतांवरचा माझा निबंध छापून आला होता. सहा वर्षं त्या चिखलातून मला फिरवलं ते एका आजोबांनी. जुने मिठागर-कामगार. कुठलं गवत भरतीत तगतं ते त्यांनी दाखवायचं आणि मी त्याला लॅटिन नाव लावायचं, अशी आमची वाटणी. तुमचं नाव छापून येईल, असा मी त्यांना शब्द दिला होता. संपादकांनी आभारातली नावं कापून 'स्थानिक रहिवासी' एवढंच ठेवलं आणि निबंध लटकू नये म्हणून मी गप्प बसले. आजोबांना हे सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. निदान स्टेजवरून त्यांचं नाव घ्यावं, म्हणून त्यांना बोलावलं. ते धुतलेली टोपी घालून तासभर आधीच येऊन बसले.

समन्वयक सर म्हणाले, "मॅडम, फक्त फॅकल्टी. उद्या कोणी आपल्या काकांना आणेल!"

सतरा शाली, सतरा नारळ, सतरा फ्रेम केलेली सन्मानपत्रं. एकत्र फोटो निघाला. सरांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि घाम पुसला. कोपऱ्यात 'आंबिवली' छापून आलं होतं. सर राहतात आंबिवलीला. त्यांच्या फोनच्या मते ते अजून घरीच होते.

"अहो, समितीला वाटेल मी सगळ्यांना घरी बोलवून शाली वाटल्या!"

शाली परत घेतल्या, घड्या घातल्या, पुन्हा पांघरल्या. प्राचार्य दुसऱ्यांदाही तितक्याच मनापासून हसले. या वेळी आलं 'खोपट बस डेपो'. हॉलच्या पत्र्यामुळे असं होतं, असं कॉम्प्युटरच्या मॅडमनी ठरवलं. मग सगळी वरात नारळ सांभाळत पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीखाली. तिथे फोनला एकदाचा नौपाडा पटला, पण डोकी सोळाच भरली. यादीतले आमचे कवी शाल, नारळ, फ्रेम इथेच ठेवून कल्याणला दुसऱ्या एका सत्काराला निघून गेले होते.

"यादीत सतरा, फोटोत सोळा? क्वेरी येईल!" सरांनी आजूबाजूला पाहिलं. आजोबा एका स्कूटरला टेकून आमची गंमत बघत होते. "काका, या जरा. इथे उभे राहा. हसा."

प्राचार्यांनी आजोबांना शाल पांघरली, नारळ दिला, कवींची फ्रेम दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्याही फोटोत दिसाव्या लागतात. मला हसू आवरेना. म्हटलं, चला, माझं काम परस्पर झालं.

फोटो बरोबर आला. आजोबा फ्रेम छातीशी धरून माझ्याकडे आले.

"बाय, यान माजा नांव कुठं हाय?"

फ्रेमवर कवींचं नाव होतं आणि खाली त्यांचा काव्यसंग्रह. मी त्या नावावर बोट ठेवलं आणि आजोबांचं नाव वाचलं. आडनावासकट, खणखणीत.

त्यांनी काचेवरून हात फिरवला. "आता घरान लावतू. नात कालेजान हाय, ती वाचून दावल."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली. तिथेच उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगून टाकलं, फ्रेमचंही आणि निबंधाचंही. मग त्यांनी शाल काढली, नीट घडी केली, फ्रेमवर ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"जेचा नांव हाय, त्याला दे."

नारळ मात्र त्यांनी काखेत मारला आणि रिक्षा बघायला वळले.

"यो नेतू मी," म्हणाले. "याच्यावर कोनाचा नांव नाय."