शब्दांवाचून पीण्यापर्यंत

पोस्टर कलरच्या बाटलीचं झाकण उघडलं की एक आंबूस, ओल्या खडूसारखा वास येतो. बंगळूरमधलं माझं पहिलं वर्ष त्या वासाचं होतं. सकाळी आठला स्टुडिओच्या उत्तरेकडच्या काचांतून सावली न पाडणारा शांत उजेड यायचा आणि आम्ही लांब टेबलांवर वाकून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या नऊ छटा एकीशेजारी एक बसवत असायचो. सोळा-सतरा वर्षं अक्षरं गिरवण्यात घालवल्यावर अक्षरांवाचून बोलायला शिकायचं होतं. त्या विद्येचं नाव व्हिज्युअल कम्युनिकेशन. नागपूरला वडिलांना ते नीट सांगता आलं नव्हतं. मलाही ते अजून कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रात सरांनी एक काम दिलं. एक वाट काढा. शब्द नको, आकडा नको. वाचता न येणारा एक खरा माणूस त्या कागदाच्या आधारानं, एकटा, ठरल्या जागी पोचला पाहिजे. मी मान डोलावली. एवढंच ना!

खरा माणूस घरातच होता. राजाजीनगरात मी ज्यांच्याकडे राहत होते त्या अक्का. कित्येक पिढ्यांपासून तिथलंच झालेलं मराठी घर. बोलण्यात कानडी इतकं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. अक्कांना कुठल्याच लिपीत वाचता येत नव्हतं. त्यांची मुलगी शांता पीण्याला, कारखान्यांच्या वस्तीत राहायची. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायची मनाई केली होती, आणि जावई दिवसभर कारखान्यात लेथच्या यंत्रावर. अक्कांना रोज जायचं होतं. पण मागे एकदा गर्दीत कंडक्टर सांगायला विसरला, अक्का तीन थांबे पुढे उतरल्या आणि तुमकूर रस्त्याच्या कडेनं, ट्रकांच्या धुळीतून, दोन तास चालल्या. तेव्हापासून मुलानं, म्हणजे अण्णांनी, एकटीनं जाणं बंद केलं. तो नेईल तेव्हा, म्हणजे रविवारी. उरलेले सहा दिवस अक्का भाकरी थापताना पीण्याच्या दिशेला बघत असायच्या.

मी आठवडाभर खपून नकाशा काढला. रस्ते काळे, बसचा मार्ग लाल, वळणं कंपासनं साधलेली. अक्कांनी तो हातभर लांब धरला.

“हे काय? सापाची पिल्लं?”

“रस्ते, अक्का. वरून बघितल्यासारखे.”

“वरून? मी काय घार आहे? मी बसमध्ये बसते गं, पुढं, बायकांच्या बाकावर. तिथनं जे दिसतं ते काढ की.”

सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. “चित्र बोलतं असं मला सांगू नका,” ते म्हणाले, “कुणाशी बोलतं ते सांगा.”

मग अण्णा ऑफिसला गेल्यावर मी अक्कांबरोबर तीनदा पीण्याला जाऊन आले. वही मांडीवर ठेवून त्यांना काय दिसतं ते लिहीत गेले. मी देवळाचं शिखर टिपलं, तर म्हणाल्या, अशी शिखरं वाटेत चार आहेत. मी सिनेमाचं भलंमोठं पोस्टर टिपलं, तर म्हणाल्या, ते शुक्रवारी बदलतं. त्यांची वाट वेगळीच होती. आधी साबणाच्या कारखान्याचा चंदनाचा वास. मग यशवंतपूरच्या बाजारात डावीकडे कांद्याची पोती. पुढे एक वळण, जिथे बसमधली उभी माणसं सगळी एका अंगावर कलतात. उजवीकडे उंच पाण्याची टाकी. आणि तिच्यानंतर डावीकडच्या कारखान्याबाहेर लेथवरून निघालेल्या लोखंडी किसाचा ढीग, कुरळा, निळसर, उन्हात चमकणारा.

“लोखंडाची शेव,” अक्का म्हणाल्या. “ती आली की उठायचं.”

आपण ज्याला दृष्टी म्हणतो ती खरोखर किती थोडी डोळ्यांत असते! नाक, पाठ, धक्का खाणारा खांदा, सगळेच बघत असतात. पण वास काढायचा कसा? चंदनाचं खोड काढलं, तर अक्कांना ते दुधी भोपळा वाटलं. फुलं काढली, तर देऊळ वाटलं.

“नाक काढ,” त्या वैतागून म्हणाल्या. “स्वल्प मोठं काढ. तुझ्या त्या सरांचं आहे म्हणतेस तसं.”

मी नाक काढलं. सरांचं आहे तसंच काढलं.

अशी एक पट्टी तयार झाली, वीतभर रुंद आणि हातभर लांब. मधोमध बसचा रस्ता, डावीकडे दिसणारं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. खाली राजाजीनगरचं घर, अगदी वर शांताचं. खालून वर बघत जायचं. परीक्षेचा दिवस ठरला तो बुधवार. अण्णांना सांगायचं नाही, हेही ठरलं. अक्का चुकल्या असत्या, तर बाळंतपणापर्यंत रविवारशिवाय त्यांना लेक दिसली नसती, आणि त्याला कारण मी झाले असते.

सकाळी दहाला डबा आणि पट्टी घेऊन त्या बसमध्ये चढल्या. “सरी, बरं, येते,” म्हणाल्या, जणू कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्या होत्या.

दुपारी वर्गात मी पट्टीची ट्रेसिंग कागदावरची प्रत भिंतीला लावली. वर्ग नाकाला हसला; सरांनी ते नाक ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांनी खालपासून वरपर्यंत बोट नेलं, वर पोचल्यावर थांबले.

“आणि परत?”

मला प्रश्नच कळला नाही.

“तुमच्या बाई गेल्या. परत कशा येणार? सगळा क्रम उलटा. डावं ते उजवं.”

तीनदा मी त्या रस्त्यानं जाऊन आले होते. येताना वही बंद असायची. काम संपलेलं असायचं. वाट म्हणजे जाणं, हे मी कुणाला न विचारता गृहीत धरलं होतं. घरी परतणं ज्याला आपोआप जमतं, त्याच्याकडूनच अशी चूक होते.

मी तशीच निघाले. चार वाजता राजाजीनगरच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. एक बस आली, दुसरी आली, तिसरी आली. साडेपाचला अण्णा येणार होते. पाचव्या बसच्या पुढच्या दारातून आधी रिकामा डबा उतरला, मग अक्का.

“अगं, तू इथं? कॉलेज बुडवलंस?”

“तुम्ही आलात कशा?”

“बसनं.” मग माझा चेहरा बघून त्यांनी पट्टी काढली आणि टोकाकडून फिरवून धरली, शांताचं घर खाली, त्यांचं वर. “पोरीकडनं निघाले, तर पोरीचं घर माझ्याजवळ नको? टाकी इकडे आली, शेव तिकडे गेली, बरोबर तशीच दिसली. नाक स्वल्प उलटं झालं. म्हणून काय ओळखू येत नाही?”

मी पट्टी हातात घेतली. फिरवल्यावर क्रम बरोबर उलटा होत होता आणि बाजूही आपोआप बदलत होत्या. हे त्या कागदात पहिल्यापासून होतं. मी काढलेलं, पण मला न दिसलेलं.

संध्याकाळी अक्कांनी स्वतःच अण्णांना सांगितलं. ते बूट सोडत होते, तसेच थांबले.

“कुणी नेलं?”

“मीच गेले, मीच आले. शांता दोन भाकऱ्या जेवली.”

अण्णांनी पट्टी मागून घेतली. दिव्याखाली धरली, आडवी केली, उलटी केली. गेली आठ वर्षं ते त्याच रस्त्यानं नोकरीला जात होते.

“मला यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले.

“तुला कशाला कळायला हवं? तुला वाचता येतं की.”

अण्णा पट्टी हातात धरूनच खाली वाकले. मग दुसरा बूट सोडता सोडता त्यांनी विचारलं, “उद्या कितीची बस?”

“दहाची,” अक्का म्हणाल्या, आणि कागद त्यांच्या हातातून काढून, नीट घडी करून, डब्याच्या पिशवीत ठेवून दिला.